डर्बनच्या धक्क्यावरचा इंग्रजीचा पेपर

निकाह झाला, वलीमा झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले. दोन आठवड्यांनी नवरा लंडनला निघून गेला आणि नवरी सासरी जाण्याऐवजी मुंबईला मामूच्या घरी राहायला आली. तिला परीक्षा द्यायची होती. ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्या नवऱ्याकडे जायचं तर व्हिसाच्या अर्जाबरोबर इंग्रजी बोलता आणि ऐकता येत असल्याचा दाखला जोडावा लागतो. ‘ए-१’ म्हणतात त्याला, सगळ्यात खालची पायरी. नाव काय, घरी कोण कोण असतं, बाजारातून काय आणता, असल्या गप्पा परीक्षकासमोर इंग्रजीत मारायच्या.

ही मुलगी आमच्या नात्यातली. घरात कोकणी बोलते, एसटीत आणि तहसील कचेरीत मराठी, शाळा उर्दू माध्यमाची, टीव्ही हिंदीतला. चार भाषा येणारी ही पोर पाचवीसाठी रात्र रात्र जागत होती. तिची दादी मात्र निवांत होती. ती म्हणाली, “यात नवं काय आहे? तुझ्या परदादाला आफ्रिकेच्या बंदरावर हेच विचारलं होतं.”

आमच्याकडे ही गोष्ट चेष्टेवारी सांगितली जाते. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातली बरीच कोकणी मुसलमान माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केप टाऊनला गेली, तिथे दुकानांत राबली, पुढे काहींनी स्वतःची दुकानं थाटली. त्यांच्या किश्शांत बंदरावरचा ‘पेपर’ येतो. मला तो किस्सा पिकवलेला वाटायचा. नीट वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की दादी इतिहासच सांगत होती.

हा पेपर पहिल्यांदा निघाला नाताळमध्ये. आजच्या दक्षिण आफ्रिकेचा हा पूर्व किनारा, डर्बन त्याचं बंदर. १८६० पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले जात होते. त्यांच्या मागोमाग स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून व्यापारी गेले. त्यात गुजराती मुसलमान, मेमन आणि सुरती बोहरे बरेच होते. मळ्यावरचा मजूर गोऱ्यांना हवा होता. दुकानदार मात्र डोळ्यांत खुपत होता. तो स्वस्तात विकायचा, जमीन घ्यायचा आणि मतदानाचा हक्क मागायचा.

१८९६ च्या डिसेंबरात ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही दोन जहाजं मुंबईहून डर्बनला पोहोचली. ‘कुरलँड’ पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला या मेमन व्यापाऱ्याच्या पेढीची. तिच्यावर गांधी होते, बायको-मुलांसह. दोन्ही जहाजांवर मिळून सुमारे आठशे माणसं होती. मुंबईत प्लेग आहे असं कारण देऊन जहाजं तीन आठवड्यांहून जास्त दिवस समुद्रातच अडकवून ठेवली. खरं कारण धक्क्यावर जमलेला गोऱ्यांचा जमाव होता. १३ जानेवारी १८९७ ला गांधी उतरले तेव्हा त्यांना रस्त्यावर मारहाण झाली आणि पोलीस अधीक्षकाच्या पत्नीने छत्री उघडून त्यांना वाचवलं. हा प्रसंग आपल्या शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत असतो. त्यानंतर चार महिन्यांत काय झालं, ते त्या पुस्तकांत नसतं.

धक्क्यावरच्या जमावाला सरकारने शब्द दिला होता, की कायदा करू, तुम्ही घरी जा. हा शब्द देणारे हॅरी एस्कंब तेव्हा नाताळचे अ‍ॅटर्नी जनरल होते, महिनाभरात पंतप्रधान झाले. अडचण अशी होती, की ‘हिंदी माणसाला बंदी’ असं सरळ लिहिता येत नव्हतं. हिंदी माणूस राणीचा प्रजाजन होता. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने वंश-धर्माचा भेद न करता वागवण्याचं वचन दिलं होतं आणि लंडनला ते निदान कागदावर तरी सांभाळायचं होतं. मग वाट काढली गेली. मे १८९७ च्या कायद्यात हिंदी, आशियाई, काळा, गोरा असा शब्दच नाही. त्यात एवढंच म्हटलं, की अधिकाऱ्याने सांगितल्यावर ज्याला युरोपातल्या कुठल्याही भाषेच्या लिपीत ठरलेल्या नमुन्याचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून सही करता येणार नाही, तो ‘निषिद्ध’ प्रवासी. अर्जात काय? नाव, गेले बारा महिने कुठे राहिलात, धंदा कोणता, जन्म कुठला. आमच्या मुलीला मुंबईच्या परीक्षेत विचारतात जवळपास तेच.

आणि या कायद्यातून कोणाला सूट? सरकारमान्य योजनेखाली येणाऱ्या मजुरांना. म्हणजे गिरमिटियांना. ज्याला एक ओळ वाचता येत नाही तो उसाच्या मळ्यावर चालतो. ज्याला गुजरातीत हिशेबाच्या वह्या लिहिता येतात, अरबीत कुराण वाचता येतं, पण इंग्रजी लिपी येत नाही, तो निरक्षर ठरून परत पाठवला जातो. मला विचाराल तर या विषयाची सगळी मेख या एका सवलतीत आहे. भाषा खरोखर हवी असती तर मजुरालाही विचारली असती.

त्याच उन्हाळ्यात राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून वसाहतींचे पंतप्रधान लंडनमध्ये जमले होते. वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्यांना समजावलं, की रंग किंवा वंशावरून बंदी घालू नका, प्रजाजनांची मनं दुखावतील, नाताळची शब्दरचना पाहा, तुमचं कामही होईल. म्हणजे ही युक्ती वसाहतीत शिजली आणि राजधानीतून वाटली गेली.

केप कॉलनीने १९०२ मध्ये ती उचलली. आमच्या दादीचा किस्सा इथला. केपमध्ये एक गंमत झाली. पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंची भाषा यिडिश, लिहितात हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे. ती युरोपीय भाषा आहे की नाही? ज्यू समाजाने अर्ज केले, पुस्तिका छापल्या, वकील लावले आणि १९०६ च्या कायद्यात यिडिशला युरोपीय भाषा म्हणून मान्यता मिळवली. याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे, गरीब, छळ सोसून आलेली माणसं होती ती. पण बंदराच्या त्याच टेबलापाशी उभ्या असलेल्या कोकणी माणसाचं काय? त्याची उर्दूही उजवीकडून डावीकडेच लिहिली जाते. यिडिश चालली, उर्दू चालली नाही, मराठी चालली नाही.

जे आधीच केपमध्ये राहत होते त्यांनाही सुटका नव्हती. गावी जायचं, लग्न करायचं, आईबापांना भेटायचं तर आधी परवाना काढायचा. त्यावर फोटो आणि अंगठ्याचे ठसे. ठरलेल्या मुदतीत परत आला नाहीत तर राहण्याचा हक्क गेला, पुन्हा त्या पेपराला बसा. मान्सूनने गलबत अडकलं, आई आजारी पडली, घराची वाटणी लांबली, आणि दहा-पंधरा वर्षांचं बस्तान उठलं असं होण्याची टांगती तलवार कायम होती.

आपल्या बाजूची एक गोष्टही लपवायला नको. हिंदी पुढाऱ्यांनी, खुद्द गांधींनीही, या भाषेच्या चाळणीला मुळातून विरोध केला नाही. त्यांचा आग्रह असा होता, की कायद्यात वंशाचं नाव नको. शिक्षणाची अट हवी तर घाला, थोडे सुशिक्षित हिंदी आत येऊ द्या, पण अपमान नको. ट्रान्सवालच्या लढ्यात ही भूमिका स्पष्ट दिसते. निरक्षर गरिबाची बाजू त्यात सुटली, हे मान्य केलं पाहिजे. सुशिक्षितालाही या तडजोडीने काय मिळालं, ते १९०८ मध्ये दिसलं. सोराबजी शापूरजी अडाजणिया हे उत्तम इंग्रजी जाणणारे पारशी गृहस्थ. कायदा पारखण्यासाठी ते मुद्दाम ट्रान्सवालमध्ये शिरले. भाषेची अट पुरी होत होती. तरी आशियाईंच्या नोंदणीचं कलम पुढे आलं आणि त्यांना तुरुंगात जावं लागलं.

ऑस्ट्रेलियाने तर या परीक्षेचा तमाशा केला. तिथल्या १९०१ च्या कायद्यात पन्नास शब्दांचा एक उतारा युरोपीय भाषेत सांगायचा आणि प्रवाशाने तो लिहून घ्यायचा, अशी अट होती. भाषा कोणती, ते अधिकारी ठरवणार. एखाद्याला इंग्रजी आलीच तर जर्मन द्या, जर्मन आली तर दुसरी काही. ‘युरोपीय’ या शब्दावर जपानने नाराजी दाखवली म्हणून १९०५ मध्ये शब्द बदलला, वागणं बदललं नाही. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस पास झाला नाही. पास करण्यासाठी ती नव्हतीच. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात उंटांचे तांडे हाकणारे अफगाण, बलुची, पंजाबी मुसलमान मायदेशी जाऊन यायचे तर त्यांना या परीक्षेतून सूट मिळाल्याचा दाखला न्यावा लागायचा. त्यावर समोरून आणि बाजूने काढलेला फोटो आणि पंजाचा ठसा.

१९३४ मध्ये प्रागचा डावा पत्रकार एगॉन किश ऑस्ट्रेलियात फॅसिझमविरोधी सभेला आला. सरकारला तो नको होता, पण त्याला अनेक युरोपीय भाषा येत होत्या. शेवटी त्याला स्कॉटिश गेलिक भाषेत उतारा घातला. तो नापास झाला, खटला उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने सांगितलं, की या कायद्यापुरती ती युरोपीय भाषाच धरता येत नाही. स्कॉटलंडच्या लोकांना याचा राग आला असेल तर तो रास्त होता. ही परीक्षा १९५८ मध्ये कायमची बंद झाली. गेलिकचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता ब्रिटनकडे येऊ. तिथे १८७० च्या कायद्यात नागरिकत्वासाठी भाषेची अट नव्हती. पाच वर्षं राहा, अर्ज करा. रशियातून पळून आलेले ज्यू लंडनच्या पूर्व भागात वाढले, त्यांच्याविरुद्ध आरडाओरडा झाला, १९०५ चा परकीयांविषयीचा कायदा आला आणि १९१४ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात ‘इंग्रजीचं पुरेसं ज्ञान’ ही अट बसली. ती फक्त परकीयांना होती. हिंदी माणूस साम्राज्याचा प्रजाजन, त्याला ती लागू नव्हती. तोच माणूस डर्बनच्या धक्क्यावर भाषेत नापास होत होता आणि लंडनच्या धक्क्यावर त्याला कोणी विचारत नव्हतं.

कारण लंडनच्या धक्क्यावर तो बहुधा खलाशी म्हणून येत होता. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांच्या डेकवर रत्नागिरी किनाऱ्याचे मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या होते. सारंग, टंडेल, सुकाणी ही पदं आमच्या गावांत आडनावांसारखी चिकटली. १९०६ च्या जहाजवाहतूक कायद्यात ब्रिटिश बंदरात भरती होणाऱ्या परदेशी खलाशाला हुकूम समजण्यापुरती इंग्रजी यायला हवी, अशी अट घातली गेली. सुरक्षिततेसाठी म्हणून. वादळात हुकूम कळला नाही तर जहाज बुडेल, हे पटण्यासारखं आहे. पण लस्करांना, म्हणजे आपल्या खलाशांना, त्यातून वगळलं. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली होता. त्यांच्याशी बोलण्यासाठी साहेबानेच जहाजावरची हिंदुस्थानी शिकायची. त्यासाठी गोऱ्या अधिकाऱ्यांकरता पुस्तकं निघत होती. ती भाषा बोलून जहाजं काही बुडाली नाहीत.

१९४८ च्या कायद्यानंतरही राष्ट्रकुलातल्या माणसाला भाषेची परीक्षा न देता नोंदणी करून ब्रिटिश नागरिक होता येत होतं. युद्धाने मोडलेल्या देशाला गिरण्या, रेल्वे, रुग्णालयं चालवायला माणसं हवी होती. ब्रॅडफर्डच्या कापडगिरणीत रात्रपाळीला उभ्या असलेल्या मीरपुरी मजुराला कोणी व्याकरण विचारलं नाही. मग १९६२ मध्ये प्रवेशावर बंधनं आली आणि १९७१ व १९८१ च्या कायद्यांनी नोंदणीची ही सोय टप्प्याटप्प्याने संपवली. १९८१ च्या कायद्यानुसार नागरिकत्वाला इंग्रजी, वेल्श किंवा स्कॉटिश गेलिक यांपैकी एक भाषा पुरते. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी माणसाला हाकलण्यासाठी वापरलेली गेलिक इथे आत घेण्याची भाषा झाली. अर्थात अर्जदारांत ती येणारा शोधूनच काढावा लागेल.

तरीही परीक्षा अशी नव्हती. एखादा अधिकारी दोन शब्द बोलून पाहायचा. ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला तर भाषेची अटच नव्हती. हे बदललं २००१ च्या उन्हाळ्यानंतर. ओल्डहॅम, बर्नली, ब्रॅडफर्ड या जुन्या गिरणगावांत दंगली झाल्या. त्यात उतरलेली पाकिस्तानी, बांगलादेशी पोरं ब्रिटनमध्येच जन्मलेली, तिथल्याच शाळांत शिकलेली, त्या त्या गावाच्या हेलात इंग्रजी बोलणारी होती. गिरण्या बंद पडलेल्या, काम नाही, वस्त्या वेगळ्या. सरकारने औषध काढलं ते त्यांच्या आयांच्या इंग्रजीवर. २००२ च्या कायद्याने नवरा-बायकोंनाही भाषेची अट लावली आणि ‘ब्रिटनमधलं जीवन’ या विषयाची परीक्षा आणली. ती २००५ मध्ये नागरिकत्वासाठी आणि २००७ मध्ये कायम वास्तव्यासाठीही सुरू झाली. ४५ मिनिटं, २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत.

त्या योजनेत एक चांगली गोष्ट होती आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. सल्लागार समितीचे प्रमुख बर्नार्ड क्रिक हे लोकशाहीचा विचार करणारे अभ्यासक होते. ज्याची इंग्रजी कच्ची आहे त्याने वर्गात बसावं, एक पायरी वर चढून दाखवावी, तेवढं पुरे, अशी सोय होती. वयस्क बाईला, शाळेचं तोंड न पाहिलेल्याला हा रस्ता खुला होता. २०१३ मध्ये तो बंद केला गेला. आता ‘बी-१’ पातळीचा दाखलाही हवा आणि ती परीक्षाही. त्याआधी नोव्हेंबर २०१० पासून परदेशातून येणाऱ्या नवरा-बायकोला येण्याआधीच ‘ए-१’ लागू झाली होती. पोलंडचा कामगार मात्र तेव्हा युरोपीय संघाच्या नियमांखाली आपल्या बायकोला एक शब्द इंग्रजी न येता बर्मिंगहॅमला आणू शकत होता. स्वतः ब्रिटिश नागरिक असलेल्या बर्मिंगहॅमच्या मुसलमानाला ते शक्य नव्हतं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम बेकायदा ठरवला नाही, पण ज्यांना भाषा शिकणं खर्चामुळे किंवा अंतरामुळे अशक्यच आहे त्यांच्याबाबत सूट फार तोकडी आहे, असं बजावलं.

जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी मुसलमान बायकांचं नाव घेऊन सांगितलं, की त्यांच्यातल्या २२ टक्के, म्हणजे १,९०,००० जणींना इंग्रजी नीट येत नाही. शिकवण्यासाठी दोन कोटी पौंड जाहीर केले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये प्रौढांना इंग्रजी शिकवण्यावरचा सरकारी खर्च निम्म्याहून खाली आणला गेला होता, हे भाषणाच्या बातमीत शेवटच्या परिच्छेदात सापडायचं.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही. तीस वर्षं ब्रिटनमध्ये राहून डॉक्टरकडे मुलाला दुभाषा म्हणून नेणारी खाला मी पाहिली आहे. बाईचा त्रास, बाईचं दुखणं, आणि सांगायचं मुलाच्या तोंडून. नवऱ्याने हात उगारला तर पोलिसांना फोन करायला भाषा लागते. आपल्या जमातींनी मशिदींच्या इमारतींवर जेवढे पैसे खर्च केले, त्यातला थोडा बायकांच्या वर्गांवर केला असता तर कॅमेरून यांना बोलायला जागा उरली नसती. भाषा शिकणं हा तिचा हक्क आहे. पण वर्ग बंद करून पेपर अवघड करणाऱ्याला तिने शिकावं असं वाटतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या नागरिकाला आजही हा दाखला लागत नाही, त्याच्या पासपोर्टवरच त्याची भाषा गृहीत धरतात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या सरकार, न्यायालय, विद्यापीठ इंग्रजीत चालवलं त्या हिंदुस्थानचं नाव यादीत नाही. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढली. कायम वास्तव्यासाठी ‘बी-१’ ऐवजी त्याच्या वरची ‘बी-२’ करायची, असा त्यात प्रस्ताव आहे.

आमची मुलगी ‘ए-१’ पास झाली. व्हिसा आला, ती गेली. अडीच वर्षांनी व्हिसा वाढवताना ‘ए-२’, पाच वर्षांनी पुढची. जाण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरताना तिने क्लासची वही वर, हाताशी ठेवली. दादीने ती उघडून पाहिली. इंग्रजी वाक्यांच्या खाली मुलीने उच्चार लिहिले होते, काही देवनागरीत, काही उर्दूत. दादी म्हणाली, “ही वही सांभाळ गं. तुझ्या परदादाची तर राहिली नाही.”